दहांतले चार

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५. दुपारी ३ वाजून ४० मिनिटं.

तारीख आणि वेळ आधी. शाळेत सिस्टर इग्नेशिया सांगायच्या, तक्रार करायची तर पहिली ओळ घड्याळाची. रडगाणं नंतर, आणि तेही थोडक्यात.

वरच्या वेळेला, उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे असलेल्या शूटिंग क्लबात, पाहुण्यांनी रॅक नं. १४ च्या थ्री-नॉट-थ्री बंदुकीचा चाप दहा वेळा ओढला. सहा वेळा गोळी सुटली. चार वेळा नुसतं टक्. त्यावर मॅनेजर माईकवर म्हणाला, आमच्या जुन्या आर्मररची देखभाल जरा तशीच होती, या सीझनला सुधारणा होईल. टाळ्या वाजल्या म्हणे.

जुना आर्मरर, क्लबच्या बंदुकांची निगा राखणारा, म्हणजे हे. जाऊन १४१ दिवस झाले.

मी तिथे नव्हते. इथे आखातात मुलीकडे, बिन ओमरानला रोहिणीच्या ओट्याशी लसूण सोलत होते. क्लबाच्या चाव्या आणि गाडी सांभाळणाऱ्या सलीमचा फोन आला. "काकी, सायबांचा नाव घेतलान माईकवर. सगल्यांसमोर." बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेला लसूण सोलला. नंतर पाहिलं तर घरातला सगळाच सोलून ठेवलाय.

८ नोव्हें., शनि.

काही नाही. दाढ काढल्यावर गाल असतो तसं चाललंय जूनपासून. चावला गेला तरी कळत नाही, आरशात रक्त दिसतं तेव्हा कळतं.

पण काल माईकवरचं ऐकल्यापासून कुठेतरी मुंग्या येताहेत. राग असावा. ओळखीचा आहे, बसू दे.

९ नोव्हें., रवि.

सलीमने क्लबच्या फलकावर लावलेल्या रिपोर्टचा फोटो पाठवला. एक पान, इंग्रजीत. "मिसफायरचं कारण : दिवंगत आर्मररचा निष्काळजीपणा." खाली टायची सही. (मॅनेजरला मी पहिल्या भेटीपासून टाय म्हणते. वाळवंटात, पंचेचाळीस डिग्रीत, गळ्यात टाय. दिल्लीचा आहे.) टायखाली साक्षीदार म्हणून सलीमची सही.

फोन लावला. "सही कशी केलीस?"

"इंग्लिश होता, काकी. टायनं बोट ठेवलान, तिथं केली."

"वाचून घ्यायचं कोणाकडून तरी."

"कोनाकडून? वाचून दाखवायला सायबच होते."

आणखी एक. जुलैच्या शोकसभेत वर्कशॉपच्या दारावर ह्यांच्या नावाची पितळी पाटी लावली होती. आज उतरवली. सलीमलाच उतरवायला लावली. चार स्क्रू खिशात घेऊन फिरतोय, कुठे टाकायचे ते त्याला समजत नाही.

रोहिणी : "आई, बाबा गेले. आता कोण वाचणार आहे तो कागद?" मी वाचला ना.

जावई अभिजित हमद पोर्टवरून, कामावरून, दमून आला होता. "आई, परक्या देशात पत्रापत्री नको. खलास करा हा विषय." म्हटलं, अभिजित, विषय माझा आहे, मी करीन खलास, तू जेव.

११ नोव्हें., मंगळ.

सलीमला सांगितलं होतं, त्या चार फुसक्या काडतुसांच्या बुडाचे फोटो पाठव. आले. बुडावर आमच्या दारूगोळा कारखान्याची खूण. साल ८४.

८४ साली मी कॅप सेक्शनला इन्स्पेक्शनवर होते. काडतुसाच्या बुडात मध्यभागी जी तांब्याची टिकली असते ती कॅप. पिन तिच्यावर आदळते, ठिणगी पडते, मग बाकीचं. सदतीस वर्षं मी टिकल्याच पाहिल्या. कपाळावर लावायला मात्र कधी वेळेवर सापडली नाही, असं हे म्हणायचे.

म्हणजे आता असं आहे. एक तर ह्यांची बंदूक, नाही तर माझं काडतूस. तिसरा आरोपी नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात हे भांडण सुरू झालं होतं. हे लष्कराच्या वर्कशॉपात, मी कारखान्यात. "तुमच्या कारखान्याच्या गोळ्या ओल्या." "तुमच्या बंदुकांचे दात पडलेत." जेवताना, पाहुण्यांसमोर, बाळंतपणाच्या खाटेवरसुद्धा. चव्वेचाळीस वर्षांत निकाल लागला नाही. आता लावायचा म्हणतेय, तर समोरची बाजू हजर नाही.

१२ नोव्हें., बुध.

मिसफायरला कारण तीनच ठिकाणी शोधायचं. कॅपमध्ये, पिनेमध्ये, पिनेच्या वाटेमध्ये, म्हणजे बोल्टमध्ये, नळीमागच्या सरकत्या दांड्यात. सुरुवात कॅपपासून. पिनेचा खड्डा खोल पडलाय आणि तरी उडाली नाही, तर कॅप मेलेली. खड्डाच उथळ असेल तर कॅपचा दोष नाही, मार कमी पडला. हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगायचे.

फोटोत खड्डा नीट दिसेना, सगळीकडे सलीमच्या अंगठ्याची सावली. फोन केला.

"टक् झाल्यावर लगेच बोल्ट उघडलास?"

"नाय काकी. पावन्याच्या हातातून घेतली, नळी समोरच ठेवली, तीस मोजले, मग काडला. सायबांनी शिकवलाय तसाच."

"शाबास. आता खड्डा बघ. चांगल्या उडालेल्या काडतुसाशेजारी धरून बघ. मसुराएवढा आहे की मोहरीएवढा?"

पितळ पितळावर वाजलं. मागे एसीचा आवाज.

"उडालेला मसुराएवडा. हे चार..."

"सांग."

"मोहरी, काकी. एक तर राजगिरा."

म्हणजे कॅप निर्दोष. ८४ सालची मी निर्दोष. एक्केचाळीस वर्षांनी, एवढ्या उन्हाळ्यांतून गेलेला माल, आणि टिकली शाबूत.

आनंद झाला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

क्लबवर गेले. टायला कालच कळवलं होतं की परवानगी दिली नाहीत तर रिसेप्शनला बसेन आणि मला बसायची सवय आहे. सलीम गाडी घेऊन आला. उम्म सलालनंतर रस्ता सगळा एकाच रंगाचा. हे बारा वर्षं रोज बघत होते. कधी सांगितलं नाही की कंटाळवाणा आहे.

निघताना ओट्याखालच्या खणातून ह्यांचा पाना घेतला. थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टमधून पिन काढायची तर विशिष्ट नळीसारखा पाना लागतो. ह्यांनी स्वतः करून घेतलेला, क्लबात दुसरा नाही. मेअखेरीस घरी आणला तो सोऱ्याच्या चकत्यांबरोबर पडून होता. साडेपाच महिने. कोणी मागितला नाही. मलाही सुचलं नाही, नेऊन द्यावा.

टायला आज टाय नव्हता, सुट्टीचा दिवस. "आइए आंटीजी, चाय?" नको म्हटलं. मला बंदुकीला हात लावायची परवानगी नाही, ते बरोबरच आहे. सलीमने बोल्ट काढला, पाना घातला, पिन आणि स्प्रिंग बाहेर ओढली.

आत ग्रीस. पिवळं, धूळ बसून घट्ट झालेलं. डिंकाच्या लाडवांचा पाक थंड झाला की कढईला धरतो तसं. पिन त्यातून रांगत जात असणार. मोहरी पडली हेच खूप.

रॉकेलने धुतलं, पुसलं, जोडलं. त्याच खोक्यातली नवी दहा काडतुसं घेतली. सलीमने झाडली. मी कानावर ते टोप चढवून बोटं मोजत उभी. दहाच्या दहा.

टाय हसला. वाईट नाही हसला, तेच वाईट. "देखिए आंटीजी, प्रॉब्लेम मिल गया. ग्रीस किसने भरा? अंकल ने. तो रिपोर्ट में गलत क्या है?"

त्याचा रिपोर्ट मीच जाऊन सिद्ध करून आले. आमच्याच पान्याने.

एवढंच विचारलं, बोल्टमध्ये ग्रीस भरलं की हे सूचनेचा टॅग बांधायचे, तो टॅग कुठाय? "कैसा टॅग?" म्हणाला. सलीम चिंधीने हात पुसत होता. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "पानी पिनार, काकी?"

१५ नोव्हें., शनि.

ह्यांच्या वह्या काढल्या. ३१ मेची नोंद : "१४ नं. — बोल्ट ग्रीस. टॅग." त्यानंतर १ जून ते ४ जून इतर बंदुका. ५ जूनला हॉस्पिटल. मग पानं कोरी.

टॅग होता. मी वेडी नाही.

हा ग्रीसचा प्रकार ह्यांचा जुना. कोकणातल्या डेपोत पाच पावसाळे काढले होते. तिथे बंदूक नुसती ठेवली तर आठवड्यात तांबते, म्हणून पावसाआधी आतून बाहेरून ग्रीस, पावसानंतर धुवायचं. ती सवय घेऊन इथे आले. दर वर्षी मे महिन्यात मी म्हणायचे, "अहो, या देशात पाऊस कुठे पडतो?" हे म्हणायचे, "समुद्र तर आहे ना. ऑगस्टमध्ये चष्मा बघ तुझा, दारात पाऊल टाकलं की पुसावा लागतो." तेही खरं.

मे महिन्यात भरायचं, ऑक्टोबरमध्ये धुवायचं. ऑक्टोबर आला. हे नव्हते.

नवीन आर्मरर क्लबने अजून नेमलेला नाही. पण कपाटातून बंदूक काढून सरळ पाहुण्यांच्या हातात? पाच महिने पडलेली बंदूक? आमच्याकडे शिवणयंत्रसुद्धा असं चालवत नाहीत.

रोहिणीने जेवताना विचारलं, "काय सापडलं?" तुझ्या बाबांचं अक्षर, म्हटलं. पुढे विचारलं नाही तिने. तिचीही दाढच काढलेली आहे, मी विसरते.

१८ नोव्हें., मंगळ.

संध्याकाळी सलीम आला. बस म्हटलं तर बसेना. चोपन्न वर्षांचा बाप्या, दारात चपलांशी उभा. खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून पुढे केला. दोरा तसाच.

"काकी, माजा चुकला."

७ तारखेला सकाळी टायने सांगितलं, पाहुण्यांना जुनी बंदूक बघायचीय, चौदा नंबर काढ, यल्ला यल्ला, लवकर. याने काढली. चापाच्या कडीला टॅग होता. कापला.

"वाचला नाहीस?"

"मना मराठी वाचता येत नाय, काकी."

बारा वर्षं माझ्याशी, ह्यांच्याशी मराठी बोलणारा माणूस. दापोलीकडचा.

"उर्दू शालेत होतो ना आमी. बोलतो मराठी, वाचतो उर्दू. मना वाटला, सायबांनी आपला नाव घातलान. फेकवेना. सायबांचा अक्षर म्हनून गाडीत ठेवला, वर, उन्हाच्या पट्टीला." पट्टी म्हणजे काचेवर ऊन अडवायची ती. म्हणजे १४ तारखेला मी त्याच्या शेजारी बसून गेले आणि आले तेव्हा तो माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता.

"त्या दिवशी वर्कशॉपात टॅग म्हनालात, तवा समजला. चार दिस झोप नाय."

टॅग. ह्यांचं गोल गोल अक्षर, बॉलपेन :

"बोल्टमध्ये ग्रीस आहे. धुतल्याशिवाय गोळी झाडू नये. — द. जा. ३१/५"

मराठीत.

बारा वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, अहो, इंग्रजीत लिहा, क्लबात सतरा देशांची माणसं. "वाचणारा मीच ना," म्हणायचे. प्रत्येक वेळी तेवढंच. वाचणारा मीच ना.

मागच्या बाजूला माझ्या बीपीच्या गोळ्यांचं नाव छापलेलं. माझ्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापलाय. चांगला जाड असतो, असं म्हणत कचऱ्यातून काढून घ्यायचे.

सलीम म्हणाला, "लिवा, काकी. रिपोर्टात लिवा. टॅग सलीमनं कापला. माजा नाव लिवा."

"नाव लिहिलं तर उद्या तुला घरी पाठवतील."

"पाठवूंदेत." मग चपलेत पाय घालत, "मुलगी बीएडला हाय. शेवटचा वर्ष."

त्याला जेवून जा म्हटलं. नाही जेवला. चार स्क्रू शूजच्या रॅकवर ठेवून गेला.

१९ नोव्हें., बुध.

चूक कोणाची, याचा तक्ता केला. कारखान्यात करायचो तसा, पाच रकाने.

ग्रीस भरलं : द. जा. नोंद केली. सूचना बांधली. सूचना मराठीत.
पाना घरी ठेवला : द. जा. परत नेऊन दिला नाही : मी.
बंदूक न उघडता, न तपासता काढायला लावली : टाय.
कारण न शोधता रिपोर्ट लिहिला : टाय.
टॅग कापला :

इथे पेन थांबलं. सदतीस वर्षांत मी एकही रकाना रिकामा सोडला नाही. एका लॉटच्या कागदावर फोरमनने, माझ्याहून चार ग्रेड वरच्या माणसाने, हात जोडले होते, एवढा सोडा बाई. नाही सोडला. त्याची बढती गेली. मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही.

टॅगचं नाव काढलं नाही तर ह्यांची बाजू उभी राहत नाही. काढलं तर टायचा पहिला प्रश्न, कापला कोणी? आणि बंदुकांच्या कपाटाची चावी एकट्या सलीमकडे असते.

२० नोव्हें., गुरु.

पत्राचा पहिला मसुदा इंग्रजीत, चार पानं. अभिजितला दाखवला. तो विषय खलास करायला सांगेल म्हणून तयारीत होते. त्याने डबा बाजूला ठेवला, पेन घेतलं, उभ्यानेच वाचलं.

"आई, 'निर्लज्ज' काढा. 'अर्धशिक्षित' काढा. आणि हे टायबद्दलचं अख्खं वाक्य."

"ते वाक्य चांगलं आहे."

"चांगलंच आहे. म्हणून काढा."

काढलं. दोन पानं झाली. मग म्हणाला, "पोर्टवर आम्ही तोंडी काही मानत नाही. कंटेनर तोंडी उतरत नाही. लेखी मागा आणि तारीख घाला. पत्र मी स्वतः नेऊन देईन, पोचही घेईन."

रोहिणी दारात उभी होती. "टॅगची झेरॉक्स लाव, आई. मूळ देऊ नकोस." एवढं बोलून आत गेली. आत नळ बराच वेळ चालू होता.

२१ नोव्हें., शुक्र. सकाळी ११ वाजता.

पत्र गेलं. अभिजित घेऊन गेला, सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून. मूळ इंग्रजीत. माझ्यासाठी इथे मराठीत उतरवते.

"दि. ७ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.४० वाजता आपण माझ्या यजमानांचं नाव माईकवर घेतलंत. ९ तारखेच्या रिपोर्टात त्यांना निष्काळजी म्हटलंत. पुढील बाबी आपल्याच समक्ष सिद्ध झाल्या आहेत.

काडतुसांत दोष नाही. हे मी तपासनीस म्हणून सांगते. कॅपवरचे खड्डे उथळ होते.

बोल्टमध्ये ग्रीस होतं. ते माझ्या यजमानांनी ३१ मे रोजी भरलं. मी ते लपवत नाही. उन्हाळ्यात बंदूक गंजू नये म्हणून ते दर वर्षी भरत आणि सीझनआधी धुवत. या वर्षी धुवायला ते नव्हते, हे आपल्याला माहीत होतं, आपण शोकसभेत भाषण केलं होतंत.

त्यांनी बंदुकीला लेखी सूचना बांधली होती. प्रत आणि माझं भाषांतर सोबत आहे. सूचना मराठीत होती. ही त्यांची चूक, आणि ती मी इथे नोंदवते. बोल्ट उघडायचा पाना माझ्या स्वयंपाकघरात होता. ही माझी चूक, तीही नोंदवते. पाना या पत्रासोबत परत करत आहे.

पाच महिने न वापरलेली बंदूक न उघडता पाहुण्यांच्या हातात देण्याचा हुकूम आपला होता. ही नोंद आपण करायची आहे.

सूचना बंदुकीवरून कोणी व कोणाच्या सांगण्यावरून काढली, तो रकाना मी रिकामा ठेवते. तो भरायचा असेल तर हुकूम देणाऱ्याच्या नावापासून सुरुवात करावी.

माझ्या मागण्या दोन. रिपोर्टातला 'निष्काळजीपणा' हा शब्द मागे घेऊन दुरुस्त रिपोर्ट त्याच फलकावर लावावा. वर्कशॉपच्या दारावरची पाटी होती तिथे परत लावावी. तिचे चारही स्क्रू माझ्याकडे आहेत, पाटी लावायच्या दिवशी मी स्वतः घेऊन येईन.

फोनवरचं उत्तर चालणार नाही. कोणाच्या हाती निरोप चालणार नाही. चहाला बोलावून समजूत घातलेली चालणार नाही. आपलं उत्तर लेखी, सही-शिक्क्यासह, गुरुवार, ४ डिसेंबर २०२५, दुपारी दोन वाजण्याच्या आत माझ्या हातात यावं."